सोलसची मैत्री खरी होती, त्याचा निर्णयही खरा होता

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ हा व्हिडिओ गेम खेळून झाला, त्यामागून त्याची जोडकथा ‘ट्रेसपासर’ही संपवली, आणि आता त्यातला सोबती, एल्फ जादूगार सोलस, डोक्यातून जात नाही. तो पहिल्या दिवसापासून खोटं बोलत होता का? त्याला आपल्याबद्दल काही वाटत होतं, की हातावर उमटलेल्या त्या जादूच्या खुणेपुरतं त्याने आपल्याला वापरून घेतलं? तुमचा नागपूरच्या महाल भागातला मित्र म्हणतो, “लबाड आहे बे तो, सोड ना.” तुम्हाला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही.

मी इथे नागपुरातच हौशी नाटकं बसवते. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, नव्या मुलांची शिबिरं. पात्र असं का वागतं हे नटाबरोबर बसून संहितेतून शोधून काढणं हेच माझं रोजचं काम. मी गेमही मनापासून खेळते, आणि भूमिकेचं वाचन शिकवताना सोलसचं उदाहरण आवर्जून घेते. आमच्या गटातल्या बऱ्याच मुलांनी तो पाहिलेला असतो. मे महिन्यात ऊन उतरल्याशिवाय तालीम सुरूच होत नाही, आणि कूलरच्या घरघरीत त्या मुलांनी सोलसवरून घातलेले वाद मी पुष्कळ ऐकलेत. तुमचा आणि तुमच्या मित्राचा वाद अगदी त्यातलाच आहे.

खाली ट्रेसपासरच्या शेवटापर्यंतचं सगळं उघड करून लिहिलंय. २०२४ मध्ये आलेला पुढचा गेम ‘द व्हेलगार्ड’ तुम्ही अजून सुरू केलेला नाही, त्यामुळे त्याच्या कथेतलं काही सांगणार नाही. तुमच्या प्रश्नाला त्याची गरजही नाही.

‘खोटं बोलत होता का’ याचं उत्तर अवघड नाही, ते पुढे देतेच. पण तुम्हाला छळणारा प्रश्न तो नव्हे. तुम्ही शेवटी लिहिलंय, “त्याला खरंच जीव लागला असेल तर तो असं करूच कसा शकतो?” पेच इथे आहे. आपल्या मनात एक हिशोब पक्का बसलेला असतो की जीव लावणारा माणूस घात करत नाही, आणि घात केला तर जीव लावलेलाच नव्हता. तुम्ही या हिशोबाची एक बाजू धरलीय, मित्राने दुसरी, म्हणून तुमचं भांडण मिटत नाही. सोलस समजून घ्यायचा तर हा हिशोबच बाजूला ठेवावा लागतो.

काय कशावर अवलंबून आहे ते आधी बघू, नाहीतर आपण दोन वेगळ्याच माणसांबद्दल बोलत राहू. मालिकेतल्या पहिल्या गेममध्ये, ‘ओरिजिन्स’मध्ये (२००९), सोबत्याची मर्जी आकड्यात दिसायची. इन्क्विझिशनमध्ये तो आकडा दिसत नाही, नुसती सूचना येते की सोलसला हे आवडलं किंवा थोडं खटकलं. पण आकडा आत चालूच असतो आणि तुमच्या वाट्याला कोणता सोलस येणार हे त्यावर ठरतं. मर्जी जमली तर तो तुम्हाला स्वप्नातल्या हेवनमध्ये, म्हणजे कथेच्या सुरुवातीच्या त्या गावात, घेऊन जातो आणि मन मोकळं करतो. मर्जी उतरली तर बोलणं कोरडं होत जातं, आणि एका वळणावर त्याला ठोसा मारायची सोयसुद्धा आहे. इन्क्विझिटर म्हणजे तुम्ही खेळता ते पात्र; ते एल्फ स्त्री असेल तरच त्याचं प्रेम वाट्याला येतं. मोहिमेवर त्याच्यासोबत कोणाला नेता यावरही बरंच ठरतं, कारण त्याचं काही फार महत्त्वाचं बोलणं इतर सोबत्यांशी चालता चालता होतं. तुमच्या मित्राने सोलसला कायम स्कायहोल्डच्या गडावर बसवून ठेवलं असेल, फेड या स्वप्नांच्या जगाबद्दल, तिथल्या आत्म्यांबद्दल त्याला एक प्रश्नही विचारला नसेल, तर त्याला भेटलेला माणूस खरोखरच शिष्ट आणि आतल्या गाठीचा आहे. मित्राचं वाचन चूक नाही. त्याला संहितेची निम्मी पानं मिळालेलीच नाहीत.

आता खोट्याबद्दल. सोलस धडधडीत खोटं फार कमी बोलतो. जुनी युद्धं, पडलेली देवळं, हरवलेली जादू, काहीही विचारा, तो म्हणतो, मी अवशेषांमध्ये झोपलो आणि फेडमध्ये हे पाहिलं. माहिती खरी असते, ती कुठून आली हे मात्र झाकलेलं असतं. आठवणीला तो स्वप्नाचं रूप देतो. आपण उत्तरेकडच्या एका गावात वाढलो असंही सांगतो. मग विंटर पॅलेसच्या मेजवानीत त्याच्याशी जाऊन बोला. काही सोबती त्या दरबारी वातावरणात अवघडलेले असतात आणि हा खेड्यातला म्हणवणारा भटका जादूगार हातात पेला घेऊन खुशीत उभा असतो. सत्ता, कारस्थानं, धोका, वासना यांचं असलं मिश्रण आपल्याला फार आवडतं, असं बोलून जातो. मी नटांना हा प्रसंग मुद्दाम दाखवते. पात्र तोंडाने जे लपवतं ते त्याच्या अंगातल्या सवयीतून बाहेर येतं. हा माणूस दरबारात राहिलेला आहे, हे इथे कोणी न सांगता कळतं.

झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, धान निघाल्यावर रात्र रात्रभर नाटकं चालतात. तिथे खलनायक मंचावर पाऊल टाकतो तेव्हाच मंडपातल्या शेवटच्या माणसाला तो कोण ते समजतं, आणि त्या रंगभूमीची ताकद त्यातच आहे. सोलसची रचना बरोबर उलट्या दिशेने केलीय. साधे कपडे, हातात काठी, हळू आवाज, प्रश्न विचारला की खूश होणारा मास्तर. मूळ गेम नोव्हेंबर २०१४ मध्ये आला तेव्हा त्याचं खरं रूप, म्हणजे एल्फ ज्याला लबाड देव मानतात तो फेनहॅरेल हाच, हे फक्त श्रेयनामावलीनंतरच्या एका छोट्या दृश्यात दिसलं. ट्रेसपासर यायला सप्टेंबर २०१५ उजाडला. मधले महिने लोक चालता चालता कानावर पडलेल्या संवादांवरूनच अंदाज बांधत होते, आणि बरेच अंदाज बरोबर ठरले. म्हणजे पुरावे पहिल्यापासून समोर होते.

त्याने लपवलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र सौम्य करून सांगता येणार नाही. खलनायक कोरीफियसच्या हातातला तो जादूचा गोळा मुळात सोलसचा. युगानुयुगांच्या झोपेतून उठल्यावर तो उघडण्याइतकी ताकद सोलसमध्ये उरली नव्हती, म्हणून त्याच्या हस्तकांनी तो कोरीफियसच्या माणसांना सापडू दिला. गोळा उघडताना होणाऱ्या स्फोटात कोरीफियस मरेल, मग आपण तो परत घेऊ, असा त्याचा बेत होता. कोरीफियस मेला नाही. स्फोटात धर्मप्रमुख डिव्हाइन जस्टिनिया आणि तिथे जमलेली माणसं गेली, आकाश फाटलं. ज्या संकटाशी तुम्ही अख्खा गेम लढता त्याचं मूळ तुमच्याच शेजारी काठी घेऊन उभं असतं. तो सोबत येतो तो सुरुवातीला स्वतःच्या कामासाठी, यात शंका नको. तुम्ही बेशुद्ध पडलेला असताना खुणेचं कोडं सुटेना तेव्हा पळून जायची तयारी झाली होती, हे स्वप्नातल्या हेवनमध्ये तो स्वतः कबूल करतो.

तर मग जीव लागला हे कशावरून म्हणायचं? तालमीत मी एक नियम कायम वापरते. पात्र स्वतःबद्दल काय सांगतं त्याला कमी वजन द्यायचं, काय करतं त्याला जास्त, आणि ज्या कृतीतून त्याला काहीच मिळत नाही, उलट पदरचं जातं, तिला सगळ्यात जास्त. सोलसला हा नियम लावला की तीन ठिकाणी थांबावं लागतं.

आयर्न बुल या कुनारी सोबत्याची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. बुलच्या मोहिमेत तुम्ही त्याच्या चार्जर्सना, म्हणजे त्याच्या भाडोत्री तुकडीला, वाचवलंत तर बुल कुनपासून, कुनारींच्या कडक धर्मशिस्तीपासून, तुटतो. ज्या शिस्तीत तो घडला ती एका दिवसात जाते, आणि आपण आता पिसाट जनावर होऊ या भीतीने तो आतून खचतो. तोपर्यंत कुनवरून त्याच्याशी कडाडून भांडणारा सोलस तेव्हा त्याला सांगतो की तू जनावर नाहीस, तू निवड केलेला माणूस आहेस. पुढे तर म्हणतो की तुला इन्क्विझिशन आहे, इन्क्विझिटर आहे, आणि मी आहे. त्यानंतर वाटेत चालता चालता दोघं पटाशिवाय, तोंडी बुद्धिबळ खेळतात, म्हणजे बुलचं मन दुसरीकडे गुंतून राहावं. यातून सोलसला काय मिळतं? काहीही नाही. बुलकडून त्याला माहिती नको, मदत नको. दोघांना सोबत नेलं नाही तर हे तुम्हाला ऐकूसुद्धा येत नाही. एकेकाळी आपल्या जगापासून तुटलेला माणूस दुसऱ्या तुटलेल्याला हात देतोय, आणि तोही वचन देऊन, जे आपण पाळणार नाही हे त्याला ठाऊक आहे. ‘मी आहे’ हे खोटं नव्हतं. ते तात्पुरतं होतं, आणि हे फक्त त्यालाच माहीत होतं. माझ्या मते त्याच्या सगळ्या फसवणुकीत ही सगळ्यात क्रूर आहे, आणि ती प्रेमातूनच झालीय.

दुसरी गोष्ट स्कायहोल्डच्या गोल दालनातल्या भिंतींची. तुमच्या प्रत्येक मोठ्या पराक्रमावर तो एक भित्तिचित्र काढतो. कोणी सांगितलेलं नसतं. शेवटचं चित्र अर्धवट राहतं. निघून जायचंच आहे अशा माणसाने दुसऱ्याच्या भिंतीवर इतका जीव का ओतावा, हे मी प्रत्येक गटाला विचारते आणि मुलं बराच वेळ बोलत राहतात.

तिसरी, प्रज्ञेच्या आत्म्याची मोहीम. त्याची जुनी मैत्रीण असलेला हा आत्मा काही जादूगार लुटारूंपासून संरक्षणासाठी बांधून घालतात, आणि बांधल्यामुळे तो विकृत होतो. बंधनाचे खांब फोडलेत तर मैत्रीण क्षणभर मूळ रूपात येते आणि सोलस तिच्या विनंतीवरून तिला मुक्त करतो. मग तो त्या जादूगारांकडे वळतो आणि तुम्ही अडवलं नाहीत तर त्यांना मारून टाकतो. इतका संयमी माणूस पूर्ण गेममध्ये इथेच उघडा पडतो.

याच मोहिमेमुळे त्याच्या आवडीनिवडींचं सूत्रही हाती लागतं. मर्जीच्या सूचना नीट बघितल्यात तर त्याला खटकणाऱ्या गोष्टींत एक समान धागा दिसेल, दुसऱ्याला बांधून घालणं. आत्म्यांना बांधणं, कुनची शिस्त, गुलामी. मिथाल या प्राचीन एल्फ देवीच्या देवळातल्या विहिरीचं पाणी प्यायलात तर तो संतापतो, कारण पिणारा मिथालच्या इच्छेला बांधला जातो. ट्रेसपासरमधली चित्रं सांगतात की फेनहॅरेल म्हणून त्याचं सगळं बंड याच कारणासाठी होतं. एव्हानुरिस, म्हणजे प्राचीन एल्फांचे सत्ताधारी जादूगार, देव बनून बसले होते आणि तो त्यांच्या गुलामांच्या चेहऱ्यांवरच्या खुणा पुसत होता. आता त्याची पुढची योजना याच मोजपट्टीवर ठेवून बघा. फेड आणि हे जग वेगळं ठेवणारा पडदा फाडायचा, आजचं जग बुडू द्यायचं, जुनं परत आणायचं, आणि हे सगळं त्या जगात राहणाऱ्या एकालाही न विचारता. देवांविरुद्ध उभा राहिलेला माणूस देवांसारखाच सगळ्यांचा निवाडा परस्पर करतोय. आपण देव नाही हे तो ठासून सांगतो. वागतो मात्र तसाच.

इथे तुमचा मित्र म्हणेल, मग व्हिलनच झाला ना? तो काय करतो यावर मित्राशी माझा वाद नाही. वाद ‘का’ यावर आहे.

रूढ उत्तर असं की त्याला आपल्या लोकांचं, एल्फांचं, गेलेलं वैभव परत हवंय. मला हे अपुरं वाटतं. आज जिवंत असलेल्या एल्फांशी तो कसा वागतो बघा. डेलिश या भटक्या एल्फांबद्दल तो कडवट बोलतो, सेरा या एल्फ सोबतिणीशी त्याचं जमत नाही. ज्याला लोकांचं प्रेम असतं तो समोरच्या लोकांपासून सुरुवात करतो. सोलसचे ‘आपले लोक’ मेलेले आहेत, किंवा हरवलेले. मिथालला मारणाऱ्या एव्हानुरिसना कोंडायला त्याने पडदा उभा केला, आणि त्याची किंमत अख्ख्या एल्फ वंशाने चुकवली. अमरत्व गेलं, जादूवर उभं असलेलं जग कोसळलं. माझ्या हातून झालं, हे ओझं घेऊन तो उठलाय. ज्यांचं देणं लागतो ते उरलेले नाहीत, म्हणजे ‘सोडून दे’ म्हणायलाही कोणी उरलेलं नाही. माफीचा दरवाजा बंद झाला की अशा माणसाला एकच वाट दिसते, केलेलं उलटं करणं. मूळ गेमच्या त्या शेवटच्या दृश्यात मिथालचा अंश बाळगणारी फ्लेमेथ त्याला भेटते. जिच्याकडून माफी मिळू शकली असती अशी ती एकच. ती त्याला जुना मित्र म्हणते, तिलाही वाईट वाटतं म्हणते, आणि तो तिची शक्ती घेतो. चूक माझी होती, किंमत मीच मोजायला हवी, पण लोकांना माझी गरज आहे, असं तो तिथे म्हणतो. मी हा प्रवेश बसवला असता तर नटाला ‘पण’च्या आधी खूप वेळ थांबायला सांगितलं असतं. त्याचा सगळा हेतू त्या थांबण्यात आहे.

आता तुमच्या प्रश्नाची किल्ली. ट्रेसपासरच्या शेवटी त्याला विचारता येतं की आम्ही तुझ्या लेखी माणसंच नाही का? तो म्हणतो, सुरुवातीला नव्हतात. जाग आल्यावर हे जग त्याला भावना काढून घेतलेल्या लोकांचं वाटलं होतं. पण तुम्ही माझी चूक दाखवलीत, असं तो कबूल करतो, आणि यामुळे पुढचं काम सोपं होत नाही, असंही म्हणतो. हे उत्तर नीट ऐका. अज्ञानाची सबब त्याने स्वतःच फेकून दिलीय. आपण खरी, जिवंत माणसं आहोत हे त्याला पटलंय, आणि तरी तो निघालाय. म्हणजे मैत्री खरी होती, तिने त्याचं मत बदललं, आणि मत बदलल्याने निर्णय बदलला नाही. तुम्ही म्हणता तसा त्याचा जीव लागला होता. मित्र म्हणतो तसा त्याने घात केला. पहिल्यामुळे दुसरं हलकं होत नाही, उलट जड होतं. न ओळखता मारणाऱ्यापेक्षा ओळखून मारायला निघालेला माणूस जास्त दोषी असतो.

ट्रेसपासरमधल्या कुनारींच्या कटाच्या बाबतीतही हेच दिसतं. मेलेला कुनारी तुम्हाला सापडावा अशी सोय त्यानेच केली होती, म्हणजे तुम्ही कट उधळाल. लोकांना मरायचंच असेल तर तोवर तरी सुखात राहू देत, असं त्याचं म्हणणं. ही दया खरी आहे. तिच्यातून अंगावर काटा येतो तोही खराच.

फेडमधल्या स्मशानात प्रत्येक सोबत्याची भीती थडग्याच्या दगडावर कोरलेली आहे, ती तुम्ही वाचली असेल. सोलसच्या दगडावर एकट्याने मरणं लिहिलंय. आणि त्याने निवडलेली वाट बरोबर तिकडेच जाते. मैत्रीची किंमत माहीत नसलेला माणूस या गोष्टीला घाबरत नाही.

शेवटी शपथेबद्दल. ट्रेसपासरच्या अखेरीस सोलसला थांबवायचं की वाचवायचं याची शपथ घ्यावी लागते. तुम्ही लिहिलंय की तुम्ही ‘त्याला वाचवीन’ निवडलं आणि मित्र त्यावर हसला. मला ती निवड भाबडी वाटत नाही. आपण पुन्हा चुकीचे ठरलो तर ते मोलाचं वाटेल, हे सोलस स्वतः म्हणतो. पण त्याला वाचवायचं म्हणजे काय, हे मात्र नीट ठरवा. आम्ही जगायच्या लायकीचे आहोत हे त्याला दाखवून देण्यात अर्थ नाही, ते त्याने कधीच मान्य केलंय. त्याला अडकवलंय ते मेलेल्यांच्या देण्याने. ड्वार्फ सोबती व्हॅरिक त्याच्याशी वाटेत हेच बोलत असतो. हरवलेलं साम्राज्य परत घ्यावं असं तुम्हा ड्वार्फांना का वाटत नाही, हे सोलसला उमगत नाही, आणि सगळं गमावूनही रोज उठून मासे धरणारा, हार न मानणारा माणूस व्हॅरिक त्याच्यापुढे ठेवतो. हा संवाद ऐकायचा राहिला असेल तर व्हॅरिकला सोबत घ्या.

व्हेलगार्ड सुरू करताना तुमच्या इन्क्विझिटरबद्दल मोजकंच विचारतात: प्रेम कोणाशी होतं, इन्क्विझिशन बरखास्त केलं का, आणि सोलसबद्दल कोणती शपथ घेतली. त्याआधी जमलं तर इन्क्विझिशन परत एकदा खेळा. चार्जर्सना वाचवा, बुल आणि सोलसला एकत्र घेऊन भरपूर पायी फिरा, घोडा शक्यतो टाळा, कारण घोड्यावर असताना सोबत्यांच्या गप्पा होत नाहीत. मित्रालाही शेजारी बसवा.